चाल कोणाची? आळंदीचे मास्टर कृष्णराव

देहूरोडच्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्या दिवसाची आठवण म्हणून दर वर्षी तेथे माणसे जमतात. काही वर्षांपूर्वी आम्हीही त्या गर्दीत उभे होतो. वंदना संपली, लोक पांगू लागले, तेव्हा शेजारी उभा असलेला एक तरुण आमच्याशी बोलू लागला. सिल्लोडकडचा मुलगा, चाकणला कंत्राटी कामावर होता. रात्रपाळी करून तसाच आला होता. आम्ही त्याला सहज विचारले, ‘बाबा रे, वंदनेला चाल कोणी लावली, ठाऊक आहे का?’

तो म्हणाला, ‘चाल लावायची कशाला, काका? ती आहेच की.’

आम्ही त्याला सांगितले की, १९५६ साली बाबासाहेबांच्या सांगण्यावरून मास्टर कृष्णराव नावाच्या संगीतकारांनी बुद्धवंदनेला चाल लावली होती, तिची तबकडी निघाली होती, आणि हे कृष्णराव जन्माने आपल्या आळंदीचे. मुलाने क्षणभर विचार केला आणि विचारले, ‘कोणत्या कंपनीत होते?’

‘गंधर्व कंपनीत,’ आम्ही म्हणालो.

‘ती कुठं आली? भोसरीला का?’

आम्ही हसलो, तोही हसला. पण घरी येताना वाटेत मनात आले की, पोराचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात माणसाची ओळख त्याच्या कंपनीवरून पटते. गाव, जात, शिक्षण, सगळे मागाहून येते. कृष्णरावांनीही आयुष्याचा मोठा भाग कंपन्यांतच काढला. आधी नाटक कंपनी, मग सिनेमाची कंपनी, मग पुन्हा नाटकाची संस्था. मालकाला हवे ते, हव्या त्या वेळात आणि समोरच्या गिऱ्हाइकाला पटेल असे घडवून देणे हेच त्यांचे काम होते. तेव्हा ‘कोणत्या कंपनीत होते?’ या प्रश्नाचे उत्तर नीट द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही गाणे शिकलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. रागदारीतले आम्हाला जे कळते ते ऐकून ऐकून आणि जाणत्यांना विचारून विचारून. परंतु एक गोष्ट आम्ही अनुभवाने शिकलो आहोत. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या दारावर आमचे धरणे चालू होते. तीन-चारशे माणसे उन्हात बसलेली. आमच्यातल्या एका गायनप्रेमी सोबत्याने मोठ्या हौसेने एक गाणे बसवून आणले होते. पहिली ओळ सर्वांनी जोरात म्हटली. दुसऱ्या ओळीला त्याने चाल एकदम वर नेली, तार सप्तकात. आणि तीनशे गळे एका क्षणात बंद पडले. तो बिचारा एकटाच गात राहिला. त्या दिवशी आम्हाला समजले की, गवयाच्या गळ्यासाठी चाल लावणे वेगळे आणि ज्याला गाता येत नाही त्याच्या गळ्यासाठी चाल लावणे वेगळे. दुसरे काम सोपे नाही. कृष्णराव फुलंब्रीकर हे दोन्ही कामे जाणणारे फार थोड्या माणसांपैकी एक होते, असे आमचे मत आहे.

कृष्णाजी गणेश फुलंब्रीकर यांचा जन्म देवाच्या आळंदीला २० जानेवारी १८९८ रोजी झाला. ज्या आळंदीने संन्याशाच्या पोरांना एकेकाळी वाळीत टाकले आणि मग सातशे वर्षे त्यांच्यातल्याच एकाच्या समाधीपुढे टाळ कुटले, ती ही आळंदी. अशा गावात जन्मलेल्या मुलाच्या कानावर अभंग पडला नसेल, असे कोण म्हणेल? गळा गोड होता. त्या काळी गोड गळ्याच्या गरीब मुलाला एकच मोठी वाट होती, ती म्हणजे नाटक कंपनी. तेराएक वर्षांचा कृष्णा एका नाटक मंडळीत दाखल झाला आणि संत सखूच्या नाटकात गाजला. बालनटांच्या नावामागे ‘मास्टर’ लावण्याची तेव्हा रीत होती. ती उपाधी पुढे केस पांढरे झाले तरी या माणसाला चिकटून राहिली. याच मंडळीत रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व होते. त्यांच्याकडून पहिले संस्कार मिळाले आणि लौकरच, १९११च्या सुमारास, हा मुलगा भास्करबुवा बखले यांच्या हाती पडला.

भास्करबुवांविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. बुवा फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघा मोठ्या उस्तादांकडे शिकलेले. घराण्याच्या भिंती कडेकोट असलेल्या काळात तीन ठिकाणचे शिक्षण पचवून एक गाणे करणारा हा माणूस. बुवांनी १९११ साली पुण्यात गायनशिक्षणाची संस्था काढली. ती आज भारत गायन समाज म्हणून ओळखली जाते. आणि याच बुवांनी १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या. उस्तादी चिजा नाटकाच्या पदांवर अशा बसवल्या की, ज्याने आयुष्यात मैफल पाहिली नाही असा पेठेतला दुकानदारही यमन-भूप गुणगुणू लागला. कृष्णरावांनी गुरूपासून राग तर उचललेच. पण मोठे गाणे लहान जागेत मावविण्याची ही हातोटीही उचलली, आणि आमच्या मते खरी विद्या तीच.

येथे चाल लावणे म्हणजे काय, ते थोडे उलगडून सांगतो. मराठी संगीत नाटकाच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल :’ असे लिहून एखाद्या ओळखीच्या गाण्याचे तोंड छापलेले असे. म्हणजे पद नवे, सूर जुने. कधी लावणीचे, कधी कीर्तनातल्या साकीचे, कधी कानडी गाण्याचे. त्या काळी नाटककारच बहुधा चाल निवडी. पुढे हे काम गायकाकडे आले. त्याने ठेवणीतली चीज काढायची, तिचे वजन पदाच्या अक्षरांशी जुळवायचे, मुखडा समेवर कोठे येतो ते पाहायचे, आणि नटाला दोन कडव्यांत श्वास कोठे घेता येईल हेही ध्यानात ठेवायचे. एक अक्षर अधिक झाले तर समेला ठेच लागते. हे कारागिराचे काम आहे. लेथवर काम केलेल्यांना सांगायला नको की, आराखडा दुसऱ्याचा असला तरी हात आपलाच लागतो.

भास्करबुवा ८ एप्रिल १९२२ रोजी गेले. त्यानंतर गंधर्व नाटक मंडळीच्या चालींची जबाबदारी कृष्णरावांवर आली. ‘सावित्री’, ‘मेनका’, ‘कान्होपात्रा’ ही त्यांपैकी काही नाटके. ते स्वतः बालगंधर्वांबरोबर रंगभूमीवर कामही करीत. या कंपनीचा थाट काय वर्णावा! तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. भरजरी शालू, अत्तरे, आणि त्या सर्वांच्या पाठीमागे कर्जाचा डोंगर. कंपनी बुडण्याच्या बेतात असताना साथीदारांच्या पगाराचे काय होते, हा आमच्या धंद्यातला प्रश्न येथे मनात येतो; पण तो विषय वेगळा. असो.

‘कान्होपात्रा’ १९३१ सालचे. मंगळवेढ्याच्या गणिकेच्या पोटी जन्मलेल्या संत कान्होपात्रेची ही कथा. या नाटकाच्या निमित्ताने बालगंधर्वांच्या तोंडी अभंग आले आणि त्यांत चोखामेळ्याचा ‘जोहार’ही आला. जोहार म्हणजे महाराने वेशीबाहेर उभे राहून धन्याला करायचा नमस्कार. ज्याला देवळाची पायरी चढू दिली नाही त्याचा तो नमस्कार, शालू नेसलेल्या बालगंधर्वांच्या गळ्यातून पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा प्रेक्षकांनी ऐकला आणि पुन्हा पुन्हा ‘वन्समोअर’ घेतले. आता यात समाज किती बदलला, असे कोणी विचारील तर आमच्यापाशी उत्तर नाही. नाट्यगृहाच्या दारात जोडे ठेवून आत रडणारा माणूस बाहेर येऊन तेच जोडे पायांत घालतो. पण आळंदीच्या ब्राह्मण घरातल्या संगीतकाराच्या हाताखालून चोखोबाचा अभंग गेला होता, एवढे ध्यानात ठेवावे. पंचवीस वर्षांनी त्याचे काम पडणार आहे.

दुसरी कंपनी प्रभात. कोल्हापुरात १९२९ साली निघालेली ही चित्रसंस्था १९३३ साली पुण्याला आली. १९३५ साली तिने ‘धर्मात्मा’ काढला. विषय पैठणच्या एकनाथांचा, दिग्दर्शक व्ही. शांताराम, नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व, आणि संगीत कृष्णरावांचे. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ असे होते. अस्पृश्याच्या घरी जेवणाऱ्या नाथांच्या गोष्टीला ‘महात्मा’ म्हटले की, प्रेक्षकाला गांधी आठवणार, हे सरकारी परीक्षकांच्या लक्षात आले आणि नाव बदलावे लागले. मग ‘अमरज्योती’, ‘वहाँ’, ‘गोपालकृष्ण’, ‘माणूस’, ‘शेजारी’. गंमत अशी की, याच प्रभातच्या ‘संत तुकाराम’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ या चित्रपटांचे संगीत केशवराव भोळ्यांनी दिले. आमच्या दोन्ही शेजारगावांचे संत, देहूचे आणि आळंदीचे, आळंदीकराच्या वाट्याला आले नाहीत! भोळ्यांनी ते काम फार सुरेख केले, हेही कबूल केले पाहिजे.

सिनेमात कृष्णरावांना नवे शिकावे लागले. नाटकात पद अर्धा अर्धा तास रंगे. रात्र सरून पहाट झाली तरी प्रेक्षक उठत नसे. सिनेमात गाणे तीन-चार मिनिटांचे, कारण तबकडीची एक बाजू तेवढीच वाजते आणि कॅमेऱ्यालाही दम नसतो. शिवाय गाणारी व्यक्ती गवई असतेच असे नाही. ‘माणूस’ १९३९ सालचा. त्यात शांता हुबळीकरांनी गायिलेले ‘कशाला उद्याची बात’ हे गाणे घ्या. एका वेश्येच्या तोंडचे गाणे, अनंत काणेकरांचे शब्द, मध्ये निरनिराळ्या भाषांतली कडवी आणि प्रत्येक कडव्याला त्या त्या प्रांताचा रंग. ध्रुवपद मात्र असे की, एकदा ऐकून कोणीही म्हणावे. येथे तानेला जागा नाही. तान घेणाऱ्या गळ्याच्या माणसाने तान न घेण्याचा निश्चय करणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

‘शेजारी’ १९४१ सालचा. याच्यावर आमचे विशेष प्रेम आहे. एका खेड्यात एक हिंदू आणि एक मुसलमान, दोन म्हातारे शेजारी, बुद्धिबळाच्या पटावर जीव जडलेले. गावाजवळ धरण बांधायला एक भांडवलदार येतो. त्याला गावाची जमीन हवी असते, आणि ती मिळावी म्हणून तो आधी या दोघांत पाचर मारतो. शेवटी धरण फुटते तेव्हा दोघे एकत्र येतात आणि एकत्रच मरतात. ज्यांनी आमच्या पट्ट्यात जमिनी जाताना भावाभावांत लागलेली भांडणे पाहिली आहेत त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. या चित्रपटातले ‘लखलख चंदेरी’ हे गाणे शांताराम आठवल्यांनी लिहिले. रात्रीच्या काळोखात हाती पेटत्या मशाली घेतलेले सगळे गाव नाचते आहे आणि गाते आहे, असा प्रसंग. चाल अशी की, पाय थांबत नाहीत. एक आवाज ओळ उचलतो आणि समुदाय ती झेलतो. आमच्या सोबत्याला धरण्यावर जे साधले नाही ते येथे साधलेले दिसते. वर चढायचे तेथेही गर्दी दमणार नाही इतकेच चढायचे, आणि पुन्हा ओळखीच्या सुरावर पाय टेकवायचा.

याच सुमारास, १९४२ साली, मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने ‘कुलवधू’ आणले. गाणी मोजकी, नाटक आटोपशीर, ज्योत्स्ना भोळे नायिका, संगीत कृष्णरावांचे. ‘बोला अमृत बोला’ त्यातलेच. मरणपंथाला लागलेल्या संगीत रंगभूमीला या नाटकाने काही काळ श्वास दिला. या काळावर अधिक लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. पण आम्हाला वंदे मातरम्‌कडे वळायचे आहे.

हे गाणे बंकिमचंद्रांच्या १८८२ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘आनंदमठ’ कादंबरीतले. १८९६च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथांनी ते गायिले. पुढे विष्णु दिगंबर पलुसकर काँग्रेसच्या अधिवेशनांत ते गात. १९२३ साली काकीनाड्याला अध्यक्ष मौलाना महंमद अलींनी गायनाला हरकत घेतली तरी पलुसकरांनी ते पुरे गायिले. गीताच्या पुढच्या कडव्यांत देवीचे वर्णन आहे आणि कादंबरीचा संदर्भही आहे, म्हणून अनेक मुसलमानांना ते म्हणणे अवघड वाटे. १९३७ साली काँग्रेसने पहिली दोन कडवीच म्हणावीत असे ठरविले. हा वाद खरा होता, कोणाच्या मनातला निव्वळ हट्ट नव्हता, आणि आमच्यासारख्या सर्व धर्मांच्या माणसांना एका फलकाखाली बसविणाऱ्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये.

कृष्णरावांनी या गीताला झिंझोटी रागात चाल लावली आणि आपल्या मैफलींत ते गाऊ लागले. इंग्रजी अमदानीत रेडिओच्या मुंबई केंद्रावर गाताना त्यांनी वंदे मातरम् सुरू केले, तेव्हा ध्वनिक्षेपण मध्येच बंद करण्यात आले. कृष्णराव उठले आणि पुन्हा रेडिओवर पाऊल ठेवले नाही. गवयाने रेडिओवर बहिष्कार घालणे म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय देणे. संप करणाऱ्यांना ही भाषा कळते. स्वातंत्र्य आल्यावर सरदार पटेलांनी बोलावले, आणि त्यांनी रेडिओवर वंदे मातरम् गाऊनच तो बहिष्कार मागे घेतला.

झिंझोटीच का, याविषयी आमचा एक तर्क आहे. रवींद्रनाथांची चाल देस रागातली, पलुसकरांची काफीतली. झिंझोटी हा खमाज थाटातला, लोकगीतांच्या जवळचा राग. त्याचा विस्तार मंद्र आणि मध्य सप्तकात अधिक होतो, म्हणजे गळा फार ताणावा लागत नाही. शाळेतले पोर, गिरणीतला जॉबर आणि सभेतली बाई, तिघांना तो एकाच पट्टीत म्हणता येतो. रागाची निवड करताना गाणाऱ्यांचा विचार झाला असावा, असे आम्हाला वाटते.

पण स्वतंत्र देशापुढे प्रश्न आला तो गळ्याचा नव्हे, बँडचा. १९४७ साली न्यूयॉर्कला राष्ट्रसंघाच्या सभेच्या वेळी आपल्या प्रतिनिधींकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. त्यांच्यापाशी ‘जन गण मन’ची तबकडी होती, तेथील वाद्यवृंदाने ते वाजविले आणि सर्वांना आवडले. पंडित नेहरूंनी २५ ऑगस्ट १९४८ रोजी घटना-समितीत हे सांगितले. राष्ट्रगीत परदेशांत, लष्करी संचलनांत, वाद्यांवर वाजवावे लागते. त्याला वंदे मातरम्‌ची चाल सोयीची नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

हा आक्षेप निराधार नव्हता. आपले गाणे एका धाग्याचे. सूर एकापुढे एक येतो. एका सुरातून दुसऱ्यात मींडेने घसरत जाता येते. पितळी कर्ण्याला मींड जमत नाही. त्याची कळ दाबली की, ठराविक सूर येतो. शिवाय बँडमध्ये दहा वाद्ये एका वेळी निरनिराळे सूर लावतात, ते परस्परांत बसायला हवेत. कृष्णरावांनी यावर रुसून पत्रके काढली नाहीत. ते कामाला लागले. पाश्चात्त्य स्वरलेखन जाणणाऱ्या इंग्रज बँडप्रमुखांची मदत घेतली, आपली चाल त्या लिपीत उतरवून घेतली, बँडवर वाजवून घेतली आणि दिल्लीला जाऊन घटना-समितीच्या सभासदांना ती ऐकविली. गळ्यावर गाऊन दाखविली, वाद्यांवर ऐकविली. पन्नाशीचा, कीर्तीच्या शिखरावरचा गवई परीक्षार्थ्यासारखा सुरांचे कागद घेऊन दिल्लीत हेलपाटे घालतो, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. आम्हीही अनेकदा मागण्यांचे कागद घेऊन अशाच कचेऱ्यांत बसलो आहोत. आक्षेप एक असतो, तो दूर करावा तर दुसरा निघतो.

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांनी निर्णय सांगितला. ‘जन गण मन’ राष्ट्रगीत, आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्याबरोबरीचा मान. हा निर्णय केवळ चालीवर झाला असे आम्ही मानत नाही. चालीमागे फाळणीचा ताजा व्रण होता, देवीच्या वर्णनाचा जुना वाद होता. या सर्वांना झिंझोटी काय उत्तर देणार? आमचे विचाराल तर, राष्ट्रगीत झाले ते योग्यच झाले, असे आम्हाला वाटते. पण बँडवर बसत नाही म्हटल्यावर ते बसवून दाखविणाऱ्या कारागिराची बाजूही कोठेतरी नोंदली जावी.

आणि आता १९५६. बाबासाहेबांचा धम्मदीक्षेचा विचार पक्का झालेला. लाखो माणसे जुने देव सोडून येणार होती. जुने देव सोडले की, जुनी भजनेही सुटतात. मग सकाळी-संध्याकाळी, लग्नात, मयताच्या दिवशी, या माणसांनी एकत्र म्हणायचे काय, आणि कोणत्या सुरात? शब्द होते; त्रिशरण, पंचशील, बुद्धवंदनेच्या गाथा, सर्व पाली भाषेत. बाबासाहेबांनी चालीसाठी कृष्णरावांना सांगितले. कृष्णरावांनी पालीचे उच्चार समजून घेतले, वंदना स्वरबद्ध केली आणि तिचे ध्वनिमुद्रण झाले. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबरची. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

या कामातली अडचण ध्यानात घ्या. म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना पाली येत नव्हती, अनेकांना वाचताही येत नव्हते. गवई म्हणून दाखविण्यासारखे त्यात काहीच नाही. गद्य-पद्य मिसळलेले, एकच वचन तीनदा उच्चारायचे, पुढच्याने म्हणायचे आणि मागच्यांनी उचलायचे. येथे चालीने दिसताच कामा नये. थोडे सूर, सावकाश गती, श्वासाच्या जागी थांबा, आणि शब्दाचा उच्चार स्वच्छ. अलंकार म्हणून एक हरकत जरी घातली तरी मागच्या रांगेतली म्हातारी अडखळणार. भास्करबुवांच्या तालमीत तयार झालेला, गंधर्व कंपनीच्या चाली बांधलेला, छोट्या ख्यालात सरगमांची आतषबाजी करणारा हा गवई येथे जवळजवळ सगळी विद्या म्यानात ठेवून बसला. आणि तो होता आळंदीचा. त्याच्या हाताखालून पूर्वी चोखोबाचा जोहार गेलेला. त्या जोहारात वाकलेली मान होती. या वंदनेत म्हणणारा ताठ बसून स्वतःच्या तोंडाने शरण कोणाला जायचे ते ठरवीत होता.

अशा चालीचे पुढे काय होते? तबकडी झिजते, माणसे तोंडोतोंडी शिकतात, गावोगाव सूर थोडे थोडे बदलतात, आणि एक दिवस सिल्लोडचा मुलगा म्हणतो, ‘ती आहेच की.’ चालकाराला याहून मोठी पावती नाही, असे कोणी म्हणेल. आम्हाला ते तितकेसे पटत नाही. या संदर्भात एक परदेशी उदाहरण आहे. जगभरच्या कामगारांचे ‘इंटरनॅशनल’ हे गीत पॅरिस कम्यूनच्या पाडावानंतर, १८७१ साली, यूजीन पोतिए यांनी लिहिले. त्याला चाल लावली १८८८ साली फ्रान्समधल्या लील शहरात पिएर देगेतेर या लाकूडकामाच्या कामगाराने. मालकाच्या भयाने छापील कागदावर केवळ आडनाव घातले. गाणे जगभर गेले आणि मग सख्ख्या भावाने, अदोल्फने, चाल आपलीच म्हणून दावा सांगितला. खटला वर्षानुवर्षे चालला. ती चाल पिएरची, असे न्यायालयाने मान्य केले तेव्हा १९२२ साल उजाडले होते. हजारो सभांत जे गाणे उभे राहून म्हटले गेले त्याचा कर्ता तोवर कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत होता. ज्या गाण्यात श्रमाची फळे श्रम करणाराची, असे आपण म्हणतो, त्या गाण्याचीच ही कथा!

कृष्णरावांच्या बाबतीत कोर्टकचेरीची वेळ आली नाही. त्यांना मान मिळाला; १९७१ साली पद्मभूषण मिळाले. त्यांनी भारत गायन समाजात विद्या वाटली, ‘रागसंग्रह’ या नावाने चिजांची पुस्तके काढली, राम मराठे यांच्यासारखा शिष्य तयार केला. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात ते वारले. नाट्यसंगीताच्या रसिकांना त्यांचे नाव ठाऊक आहे. पुण्याच्या गायनाच्या दिवाणखान्यांत ते आदराने घेतले जाते. पण तेथले रसिक ‘कुलवधू’ आणि ‘कान्होपात्रा’ सांगतात, वंदनेपाशी क्वचितच येतात. आणि वंदना म्हणणाऱ्यांपर्यंत गंधर्व कंपनी पोहोचलेली नाही. एकाच माणसाचे काम दोन वस्त्यांत वाटले गेले आणि त्या वस्त्यांचे एकमेकींकडे जाणे-येणे नाही. आळंदी ते देहूरोड हे अंतर तसे काही मोठे नव्हे.

त्या दिवशी त्या मुलाने घाईघाईने मोबाईल काढला. त्याला खोलीवर जाऊन झोपायचे होते, पण नाव लिहून घ्यायचे होते. त्याने लिहिले, ‘कृष्णराव आळंदीकर’. आम्ही म्हणालो, ‘आळंदीकर नव्हे, फुलंब्रीकर.’

‘फुलंब्रीकर?’ त्याने मान वर केली. ‘फुलंब्री तर आमच्या वाटेवर, काका. संभाजीनगरहून गावाकडं निघालो की तिथंच एस.टी. थांबते.’

आणि त्याने नाव दुरुस्त केले.